माने बाईंचा बेसबॉल

आई,

मिरजेत तुमच्या शाळेनं घेतलेल्या शोकसभेचा व्हिडिओ समीरनं पाठवला. मी तो तीनदा बघितला आणि त्यातल्या दोन वेळा हसले, हे आधीच कबूल करते. मुख्याध्यापक म्हणाले, माने बाई म्हणजे शिस्तीचा पुतळा. पुतळा! ज्या बाईला एका खुर्चीत दहा मिनिटं बसवत नसे, तिला पुतळा! तुमची एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली की कुठेही शिट्टी वाजली की ती अजून ताठ उभी राहते. एका गृहस्थांनी खो-खोच्या पंच म्हणून तुमच्या जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सगळ्या स्पर्धा सांगितल्या आणि डोळे पुसत खाली बसले.

सगळं खरंच होतं. पण तुमच्या शेवटच्या तीन उन्हाळ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. बाई जर्मनीला मुलाकडे जात, एवढंच. मुलाकडे जाऊन बाई काय करते, तर लोणचं घालते, नात सांभाळते, थंडीनं गुडघे दुखतात म्हणते. तिथल्या एका बेसबॉलच्या मैदानावर तुमची बसायची जागा ठरलेली होती, आणि तुम्हाला यायला उशीर झाला तरी तिथे कोणी बसत नसे, हे उठून सांगायला मी त्या सभेत नव्हते. ईराला सडकून ताप होता म्हणून समीर एकटाच निघाला. म्हणून आता सांगायला बसले आहे, आणि तुम्हालाच सांगते आहे. कारण यातली एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही.

पहिल्यांदा आलात तेव्हा बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. नव्वद दिवसांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातली एक नुसती चटण्या-मसाल्यांची. पहिल्या आठवड्यातच तुम्ही बॉबलिंगेनची दोन्ही तळी पायाखाली घातलीत. दहाव्या दिवशी, रविवारी, बाल्कनीत उभ्या राहून मला विचारलंत, "मेधा, इथं माणसं कुठं ठेवतात गं?"

दुकानं बंद, रस्ते ओस, रविवारी आवाज नको म्हणून घरात व्हॅक्यूम लावायचीही चोरी. काय सांगणार? ईराला शाळेतून बेसबॉलच्या सामन्याची फुकट तिकिटं मिळाली होती. एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, पंचवीस मिनिटांवरच्या शहराची टीम. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणारी, पण आपल्याकडच्या क्रिकेटसारखं चित्र डोळ्यांसमोर आणायचं नाही. परदेशातून आणलेले तीन खेळाडू पगारी, बाकीचे सोमवारी कामावर जाणारे. तीनेकशे प्रेक्षक, त्यांतले अर्धे एकमेकांचे नातेवाईक, आणि आया-बायकांनी घरून करून आणलेले केक. मी कपडे वाळत घालायचे सोडून नाइलाजानं निघाले.

समीर तुम्हाला समजावून सांगायला लागला. "आई, हा चेंडू टाकतो तो पिचर, म्हणजे आपला बोलर. मागे बसलाय तो कॅचर, म्हणजे विकेटकीपर..." तुम्ही पंधरा मिनिटं ऐकून घेतलंत. मग काय झालं, तर पहिल्या बेसवर उभा असलेला एक धावणारा हळूहळू पुढे सरकत होता, आणि पिचरनं एकदम गर्रकन वळून चेंडू तिकडेच फेकला. धावणाऱ्यानं मागे सूर मारला आणि हाताची बोटं बेसला टेकवली. तुम्ही ताडकन उभ्या राहिलात.

"समीर, गप्प बस. हे क्रिकेट नाही. हा खो-खो आहे."

"अगं आई, खो-खो कसा..."

"बघ की. पळायचं, चुकवायचं, लागला की बाद. फरक एवढाच, इथं चार कोपरे आहेत. कोपऱ्याला चिकटून आहेस तोवर कोण तुला हात लावू शकत नाही. कोपरा सोडलास की लागायच्या आत पुढचा गाठायचा. बाकी ते दांडकं असू दे की!"

आई, त्यानंतर मी बेसबॉलचे नियम जर्मनमध्ये वाचले, इंग्रजीत वाचले. याहून थोडक्यात आणि याहून बरोबर कोणी सांगितलेले नाहीत.

मग दर रविवारी आपण जायला लागलो. समीर तिसऱ्या आठवड्यात गळाला, तुम्ही आणि ईरा आणि मी उरलो. तुमची नात तुमच्याशी जर्मनमध्ये बोलायची आणि तुम्ही तिच्याशी मराठीत. तिला तुमचं सगळं कळायचं, तुम्हाला तिचं काही नाही. घरात यावरून तुमचा चेहरा पडायचा. "नात माझी आणि दुभाषी लागते," असं एकदा भाकरी थापताना म्हणालात, ते मला पुष्कळ दिवस टोचत राहिलं. मैदानावर मात्र तुम्हाला दोघींना माझी गरज पडायची नाही. एकीनं बोट दाखवायचं, दुसरीनं मान हलवायची, आणि मग दोघींनी मिळून ओरडायचं.

तिथेच हेर वायगेल, म्हणजे वायगेल काका, भेटले. ऐंशीच्या घरातले. लहानपणी इथल्या अमेरिकन सैनिकांचं बघून बेसबॉल शिकले आणि क्लब सुरू झाला तेव्हा पहिल्या टीमचे कॅचर होते. आपल्या शेजारी येऊन बसले आणि इथल्या ठेवणीतल्या श्वेबिश बोलीत काहीतरी म्हणाले, जे मलाही अर्धंच कळलं. तुम्ही त्यांच्या हातांकडे बघत होतात. उजव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना. तुम्ही विचारलंत, "चेंडू लागून मोडली का?" मराठीत. ते म्हणाले, "या, या," म्हणजे हो, हो, आणि एकेक बोट पुढे करून कुठलं कोणत्या सामन्यात मोडलं ते सांगायला लागले. तेवढं ऐकून झाल्यावर तुम्ही साडी जरा वर करून गुडघ्यावरची खूण दाखवलीत. "सांगली. फायनल. खांबावर आदळले." ते गंभीरपणे वाकून बघून म्हणाले, "गेनाऊ." अगदी बरोबर.

तीन उन्हाळे तुम्ही दोघं असे बोललात. सुरुवातीला मी मध्ये मध्ये भाषांतर करायचे. मग लक्षात आलं की मी बोलायला लागले की तुम्हा दोघांचाही रसभंग होतो.

आता तुमच्या आवडीच्या खेळाडूंबद्दल. टोबी कॅचर. आठवडाभर लोकांच्या घरांवर छपरं घालणारा आणि रविवारी चार-चार तास उकिडवा बसणारा. तुम्ही त्याच्यावर खूश होतात, कारण तो हरतानाही ओरडून सगळ्यांना जागं ठेवायचा. "हा माझ्या शाळेत असता तर मी त्याला कॅप्टन केला असता," म्हणायचात. आणि राफाएल. व्हेनेझुएलाचा, पगारी तिघांतला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा आणि धावायला टीममध्ये सगळ्यात चपळ. तरी पुढचा बेस चोरायला जायचा आणि पकडला जायचा. पिचर चेंडू टाकायच्या बेतात असताना एका बेसवरून दुसऱ्यावर पळायचं, त्याला ते चोरी म्हणतात. दुसऱ्या उन्हाळ्यात तो ओळीनं चार वेळा पकडला गेला. सगळं मैदान हळहळलं. तुम्ही हळहळला नाहीत.

"पकडला जाणारच. सांगूनच पळतोय."

"म्हणजे?"

"पळायच्या आधी श्वास कोंडतो. खांदे वर येतात. तो चेंडूवाला आंधळा आहे होय? बोलाव त्याला."

मी म्हटलं, आई, असं कसं बोलावणार, तो प्रोफेशनल आहे. तुम्ही म्हणालात, मग तर बोलावच.

क्लबच्या घरामागच्या अंगणात, सामना संपल्यावर, तुम्ही पदर खोचून उभ्या राहिलात. खाली स्पोर्ट्स शूज. राफाएलच्या हातात चेंडू दिलात आणि मला म्हणालात, त्याला सांग, मी कधी पळणार ते ओळख. तो हसत होता, टोबीला हाक मारून बोलावत होता. तुम्ही खांदे उचललेत, आणि पळाला नाहीत. परत उचललेत, पळाला नाहीत. तिसऱ्यांदा तो टोबीकडे बघून काहीतरी म्हणत होता तेवढ्यात तुम्ही दहा पावलांवरच्या केकच्या टेबलाला हात लावून उभ्या होतात. सहासष्ट वर्षांच्या! खडीवर! माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हेर वायगेल टाळ्या वाजवत होते.

"त्याला सांग, खांदे वर येतात तर येऊ देत. सारखेच उचलत राहा म्हणावं. दहा वेळा खोटे, एकदा खरे. याला हूल म्हणतात."

हूलला जर्मन शब्द शोधताना माझी तारांबळ उडाली. पण त्याला कळलं. पुढच्या रविवारी त्यानं दोन बेस चोरले, आणि दुसऱ्यांदा धूळ झटकत उभा राहिल्यावर आपल्या दिशेनं तोंड करून खांदे दोनदा उडवले. त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या 'प्रोफे' झालात. त्याच्याकडे मास्तरांना असं म्हणतात.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. तुम्हाला ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी भाषांतर करायचे ते सुधारून करायचे. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्लाइनच्या, म्हणजे क्लाइन बाईंच्या, कुत्र्याला बघून तुम्ही म्हणालात, "या कुत्र्याला वळण नाही." मी सांगितलं, त्या म्हणतात कुत्रा फार खेळकर आहे. ईराच्या शिक्षिकेला तुम्ही म्हणालात, "मुलं एवढी ढिली कशी उभी राहतात?" मी सांगितलं, शाळेचं वातावरण मोकळं आहे म्हणतात. ऑफिसातही माझं निम्मं काम हेच. पुण्याची टीम "शक्य नाही" म्हणते, मी इथे सांगते "ते बघतायत." इथले लोक "हे चुकीचं आहे" म्हणतात, मी तिकडे सांगते "अजून सुधारणेला वाव आहे." पंधरा वर्षं मी दोन्हीकडच्या लोकांची एकमेकांशी गाठ पडू दिलेली नाही, आणि सगळे मला फार समजूतदार समजतात.

मागच्या उन्हाळ्यातला शेवटचा रविवार. मंगळवारचं तुमचं परतीचं विमान होतं. टीमसाठी तो दिवस जगण्या-मरण्याचा होता. हरलो तर आबश्टीग, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण. तसं झालं असतं तर क्लबला पगारी खेळाडू ठेवणं झेपलं नसतं आणि राफाएल घरी गेला असता. ते सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी केक कोणी खात नव्हतं.

शेवटची इनिंग, दोन्हीकडे पाच-पाच. आपले दोन बाद. राफाएल तिसऱ्या बेसवर. तिथून होमपर्यंत, म्हणजे चौथ्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पाट्यापर्यंत, पोचला की सामना आपला. खांदे वर, खाली, वर, खाली. पिचरचा चेंडू जमिनीवर आपटला आणि त्यांच्या कॅचरच्या बाजूनं निसटून मागे गेला. राफाएल सुटला. कॅचरनं चेंडू उचलून फेकला, पिचर होमवर धावत आला होता, त्यानं तो झेलून ग्लोव्ह खाली आणला. राफाएल कुशीवर घसरत बाजूनं पुढे गेला आणि हात मागे टाकून त्यानं पांढऱ्या पाट्याला बोटं लावली. धूळ. पंचानं दोन्ही हात आडवे पसरले. सेफ!

आई, मी आयुष्यात कधी अशी किंचाळले नव्हते. ईरा उड्या मारत होती. हेर वायगेलनी मला मिठी मारली, त्यांची टोपी पडली. टोबीनं राफाएलला खांद्यावर घेतलं. आणि मी वळून बघितलं तर तुम्ही बसलेल्या होतात. दोन्ही हात मांडीवर.

"लागला," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"पोटरीला लागला. हात टेकायच्या आधी. पंच त्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही."

मला काहीच दिसलं नव्हतं. पण तुमच्या डोळ्यांवर अविश्वास कसा दाखवणार? स्पर्श झाला की नाही हे बघण्यातच तुमची तीस वर्षं गेली होती. मी म्हटलं, आई, जाऊ द्या. तेवढ्यात राफाएल स्वतःच आला. घामानं, मातीनं माखलेला, डोळ्यांत पाणी. त्यानं तुमचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "प्रोफे!" तुम्ही त्याच्याकडे सरळ बघितलंत. रागानं नाही, शाळेत मुलीला समोर उभी करून बघत असाल तसं.

"तू आउट होतास. पोटरीला लागला होता."

तो माझ्याकडे बघायला लागला. भाषांतरासाठी.

मी म्हटलं, "त्या म्हणतायत, तू वाऱ्यासारखा धावलास."

तो हसला. तुमच्या हाताची पापी घेतली आणि परत टोबीकडे पळाला.

त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही तोंडातून निघेना, एवढंच माझं स्पष्टीकरण आहे. ईरा शेजारी उभी होती. माझ्याशिवाय दोन्ही भाषा येणारी तिथे ती एकटीच. ती हळूच म्हणाली, "मामा, दास हाट आजी निश्ट गेझाक्ट." म्हणजे, आई, आजी असं म्हणाली नाही. मी तिला डोळ्यांनी दटावलं.

एस-बानमध्ये खिडकीतून ऊन येत होतं. दोन स्टेशनं गेल्यावर तुम्ही विचारलंत, "सांगितलंस ना त्याला?"

"हो. सांगितलं."

"मग?"

"हसला."

"ते बघितलं मी. बोलला काय?"

"काही नाही."

तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवलंत. मला राहवेना. भांडण मी काढलं. म्हटलं, आई, पंचानं दिलं ते दिलं. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता. आणि हूल द्यायला तुम्हीच शिकवलंत ना त्याला? खोटे खांदे उचल म्हणालात. मग आता खरं बोल कसं म्हणता?

तुम्ही माझ्याकडे वळलात. "हूल खेळात असते गं. लागलं की खेळ संपला. पुढं खरं." मग म्हणालात, "मी एकदा एका मुलीला चुकून नाबाद दिलं. चुरशीचा सामना होता, गर्दी आत आलेली, मला दिसलं नाही. ती पोरगी चार पावलं पळाली, थांबली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, बाई, लागला मला. आणि गेली बाहेर. तिचं नाव, गाव, सगळं लक्षात आहे माझ्या. त्या सामन्यात कोण जिंकलं ते नाही आठवत."

"सगळ्यांना असं नाही जमत, आई."

"मी कुठं म्हणते जमतं? मी फक्त सांगते त्याला लागलंय ते. पुढं त्याचं तो बघेल. सांगितल्यावर नुसता हसला, एवढं कळलं. पुरे."

ईरा खिडकीला नाक लावून बसली होती.

तुम्ही मंगळवारी गेलात. त्यानंतर दर रविवारी फोनवर तुम्ही हेर वायगेलच्या गुडघ्याची चौकशी केलीत, टोबीचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्यासाठी टॉवेल-टोपी पाठवू का विचारलंत, केकवाल्या बायकांची नावं घेतलीत. राफाएलचं नाव घेतलं नाहीत. एकदाही. मीच एकदा म्हटलं, राफाएल इथेच राहिलाय हिवाळाभर, मुलांना शिकवतोय. तुम्ही म्हणालात, "बरं आहे की," आणि ईराच्या अभ्यासाचं विचारलंत. मला कळत होतं काय झालंय ते. तुमच्या मनातून तो उतरला होता. आणि तो उतरला होता एका अशा वाक्यामुळे, जे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

फोनवर हे सांगणं मला जमेना. ठरवलं होतं, तुम्ही या, घरात चहा करू, समोर बसून सांगू. तुम्ही ओरडाल, दोन दिवस अबोला धराल, मग आपण मैदानावर जाऊ आणि मी त्याच्यासमोर उभी राहून दोन्हीकडचं नीट सांगेन. चौथ्या उन्हाळ्याचं तिकीट काढून झालं होतं. आणि मग एके दिवशी तुम्ही सकाळी शाळेच्या मैदानावर चक्कर मारून आलात, चहा घेतलात, शेजारच्या जोशी काकूंना "जरा पडते" म्हणालात, आणि तेवढंच. असं जाणं भाग्याचं, असं सगळे म्हणतात. असेल. पण माझी पंचाईत करून गेलात.

मला तुमचा राग येत नाही का? येतो. थोडा जास्त वेळ थांबायला काय झालं होतं? आणि तुमचं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही, हेही सांगून ठेवते. त्या दिवशी तुम्ही गप्प राहून केक खाल्ला असतात तर आभाळ कोसळलं नसतं. यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं, साग्रसंगीत, दोन-तीन उन्हाळे पुरेल एवढं. ते राहिलं.

पण मागच्या गुरुवारी ईरा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आजीला तू आता सांगू शकत नाहीस. त्याला सांगू शकतेस." आणि फ्रिज उघडून काकडी खायला लागली. अकरा वर्षांची आहे. बघण्याची पद्धत हुबेहूब तुमची.

काल हंगामातला पहिला घरचा सामना होता. मी आणि ईरा गेलो. हेर वायगेलनी क्लबला सांगून ठेवलं होतं. सुरुवातीला लाउडस्पीकरवर तुमचं नाव आलं, "फ्राऊ माने आउस इंडिएन," भारतातल्या माने बाई, आणि सगळे उभे राहिले. दोन्ही टीमनी टोप्या काढल्या. पंचानंही मुखवटा काढला. कुठल्या कुठे बॉबलिंगेनशेजारच्या शहरात तीनशे माणसं मिरजेच्या पीटीच्या बाईंसाठी एक मिनिट गप्प उभी होती, आई. मला रडू आलं आणि त्याच वेळी वाटलं, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सरळ रेषेत उभं राहायला काय घेतात ही माणसं?"

सामना सुरू व्हायच्या आधी मी राफाएलला कुंपणाजवळ गाठलं. सगळं सांगितलं. तुम्ही खरं काय म्हणाला होतात, मी काय सांगितलं, आणि तुम्ही काय समजून गेलात. त्यानं ऐकून घेतलं. मग ग्लोव्ह हातात चढवत म्हणाला, "पंचानं सेफ दिलं होतं," आणि आत गेला.

मला वाटलं, झालं. म्हणजे तुमचं त्याच्याबद्दलचं मत बरोबरच होतं.

आपण चौदा-दोननं हरलो. टोबीनं झेल सोडले, आपल्या पिचरची सातव्या इनिंगमध्ये दमछाक झाली. तुम्हाला बघवलं नसतं. लोक खुर्च्या मिटायला लागले. हेर वायगेल निघाले. आम्हीही उठत होतो, तेवढ्यात राफाएल आला आणि माझ्या शेजारी बसला. बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजा खाली केला. डाव्या पोटरीच्या मागच्या बाजूला, घोट्यापासून वीतभर वर बोट ठेवलं.

"हिअर," म्हणाला. "इथे."

मग मोडक्या-तोडक्या जर्मनमध्ये, थांबत थांबत, तो जे बोलला ते असं: लागल्याचं त्याला त्याच क्षणी कळलं होतं. तुमच्याकडे आला तेव्हा तुमच्या नजरेवरून त्याला वाटलं की तुम्हालाही कळलंय, आणि तो घाबरला. मग मी म्हटलं, वाऱ्यासारखा धावलास. तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं. पण हिवाळाभर त्याला तुमच्याबद्दल वाईट वाटत राहिलं. "मला वाटलं, प्रोफे म्हातारी झाली. तिला आता दिसत नाही. ते मला आवडलं नाही."

आई, ऐकताय ना? इकडे तुम्ही त्याला खोटा ठरवून बसलात आणि तिकडे तो तुमचे डोळे गेले म्हणून हळहळत होता. मध्ये मी, समजूतदार.

मी त्याला सॉरी म्हटलं. त्यानं खांदे उडवले, हूल नव्हे, साधेच. मग मोजा वर ओढून उठता उठता म्हणाला, "सांग तिला. लागला होता. तिला बरोबर दिसलं."

म्हणाला आणि थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. माझ्याकडे बघायला लागला, आता ही काय म्हणते म्हणून.

मी म्हटलं, सांगते.

आई, तो म्हणाला, लागला होता. तुम्हाला बरोबर दिसलं. एवढंच म्हणाला, आणि यात माझा एक शब्द नाही.

मेधा